हाताने लेदर डाय करताना पट्टे आणि डाग न येता एकसारखा रंग कसा आणायचा

हाताने लेदर रंगवायला घेतलं की सुरुवातीला बहुतेकांच्या तुकड्यावर तेच दिसतं, एका बाजूला गडद, दुसरीकडे फिकट, मध्ये फडकं ओढल्याचे पट्टे, आणि जिथे डाय सगळ्यात आधी टेकला तिथे एक गोल डाग, जो वरून कितीही कोट मारले तरी आतून दिसतच राहतो. मग लोक बाटली बदलतात, ब्रश बदलतात, आणि परत तेच. माझं ठाम मत आहे की यात डायचा दोष फार थोडा असतो, खरा प्रश्न असतो तो लेदर डाय किती पटकन शोषून घेतं हा, आणि तो वेग आपल्या हातात आला की अर्ध्याहून जास्त काम झालं. खाली जे जे सांगतोय ते फिरून फिरून त्यावरच येतं.

पेंट आणि डाय यातला फरक आधी पक्का करून घ्या. पेंट लेदरवर थर करून बसतो, खालचं काही दिसू देत नाही. डाय तंतूंच्या आत जातो आणि तो पारदर्शक असतो, म्हणजे खालच्या लेदरचा रंग, त्यावरचे डाग, जनावराच्या जुन्या जखमांच्या खुणा, सगळं त्यातून दिसतं, आणि एका कोटवर दुसरा पडला की तेवढी जागा गडद होते. कोरडं लेदर नव्या मडक्यासारखं असतं, थेंब पडला की गेला आत. त्यामुळे भिजलेलं फडकं जिथे पहिल्यांदा टेकतं तिथे सगळ्यात जास्त डाय जातो, हात पुढे जाईल तसा कमी कमी होत जातो, आणि शेजारचा हात आधीच्या हातावर जरासा चढला की तेवढी पट्टी दुप्पट गडद. पट्टे येतात ते असे.

लेदर कुठलं आहे ते बघा

हाताने डाय करायला व्हेज टॅन लेदर घ्या, म्हणजे झाडाच्या सालीतल्या वगैरे टॅनिनने कमावलेलं, फिकट त्वचेच्या रंगाचं, वरून काही न लावलेलं. क्रोम टॅन लेदर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, बाजारात बहुतेक वेळा आधीच रंगवून आणि वर फिनिश, म्हणजे संरक्षक थर, मारून येतं, त्याला हाताने लावलेला डाय नीट धरत नाही, वरच्या वर राहतो आणि नंतर हाताला लागतो. कुठलं आहे कळत नसेल तर कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाका. थेंब मुरला आणि ती जागा गडद झाली तर डाय आत जाईल. थेंब तसाच गोल बसून राहिला तर वर काहीतरी फिनिश किंवा मेण आहे आणि ते काढल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

हा थेंब एकाच जागी टाकून थांबू नका, तुकड्याच्या चार-पाच ठिकाणी टाकून बघा आणि कुठला आधी मुरतो ते लक्षात ठेवा. कातड्याचे सगळे भाग सारखे नसतात. पाठीचा आणि पुठ्ठ्याचा भाग घट्ट विणलेला असतो, तिथे डाय सावकाश आणि एकसारखा जातो. पोटाकडचा भाग सैल, तिथे तो भसकन आत जातो आणि ढगासारखे डाग उमटतात. मानेकडे सुरकुत्या असतात, त्या सुरकुत्यांमध्ये रंग वेगळाच दिसतो. त्यामुळे एकसारखा रंग हवा असेल तर त्याची सुरुवात कापतानाच होते. बॅगचे किंवा पाकिटाचे दर्शनी भाग एकाच हाइडच्या, म्हणजे एकाच जनावराच्या कातड्याच्या, पाठीकडून काढा, पोटाकडचं लेदर आतल्या कप्प्यांना वापरा. एका वस्तूचे दोन भाग दोन वेगळ्या हाइडमधून कापले तर एकाच बाटलीतला डाय दोन्हीवर वेगळा दिसणार, त्यावर नंतर काही इलाज नाही.

डाय कुठला घ्यायचा

ढोबळमानाने दोन प्रकार, स्पिरिटचे आणि पाण्याचे. स्पिरिटचे डाय खोल जातात, रंग भरदार देतात, पण इतके पटकन वाळतात की नवशिक्याला हात फिरवायला वेळच मिळत नाही. फिबिंग्ज या कंपनीचा साधा लेदर डाय या प्रकारातला. त्यांचाच प्रो डाय पूर्वी ऑइल डाय या नावाने मिळायचा, तोही सॉल्व्हंटचाच आहे पण साध्या डायपेक्षा जास्त एकसारखा बसतो आणि वाळल्यावर लेदर कमी कडक होतं, म्हणून सुरुवातीला मी तोच घ्या म्हणेन. पाण्याच्या डायला वास कमी, वाळायला वेळ लागतो म्हणून हात फिरवायला सवड मिळते, पण तो तितका खोल जात नाही आणि नीट फिनिश मारलं नाही तर ओल लागल्यावर परत सुटू शकतो. घरात लहान मुलं आहेत, खोलीला खिडकी नीट नाही, असं असेल तर पाण्याचाच बरा.

स्पिरिटच्या डायचं काम खिडक्या उघड्या ठेवून करा आणि जवळ गॅस, मेणबत्ती, सिगारेट काही नको, त्याची वाफ पेट घेते. हातात नायट्राइल ग्लोव्हज घाला. हा डाय कातड्यासाठीच बनवलेला आहे आणि आपली त्वचाही कातडंच, त्यामुळे बोटांवरचा रंग बरेच दिवस जात नाही. डाय लागलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, पसरून वाळवा आणि मग फेका.

कुठल्या टप्प्यावर डाय करायचा

क्रम असा, कापणं, कोरीवकाम किंवा स्टॅम्पिंग असेल तर ते, मग डाय, मग फिनिश, आणि त्यानंतर चिकटवणं आणि शिवणं. अनेकजण वस्तू पूर्ण शिवून मग रंगवतात, आणि मग शिवणीच्या कडेने फिकट रेघा राहतात, कारण चिकटवताना बाहेर आलेला गोंद लेदरमध्ये मुरतो आणि तिथे डाय जातच नाही. शिवाय धागाही रंगतो. जिथे पुढे गोंद लागणार आहे तिथे फिनिश मात्र मारू नका, ती पट्टी मोकळी सोडा, नाहीतर जोड धरणार नाही.

एका वस्तूचे सगळे तुकडे एकाच बैठकीत, एकाच भांड्यातल्या डायने करा. आज पुढची बाजू आणि पुढच्या रविवारी मागची, असं केलं की शेड जुळत नाही.

साफ करणं, आणि हे खरंच मनापासून करा

लेदर हाताळताना बोटांचं तेल लागतं, टेबलवर आधीच्या कामाचा गोंद असतो, मार्किंगसाठी टेप लावलेली असते, आणि हे सगळं डोळ्याला दिसत नाही, डाय पडल्यावरच दिसतं. बोटाचा ठसा तर इतका स्वच्छ उमटतो की बघत राहावं. फिनिश न लावलेल्या लेदरला ओलसर फडक्याने सगळीकडून सारखं पुसलं तरी बहुतेक वेळा पुरतं. तेलकट वाटत असेल किंवा थेंबाच्या चाचणीत काही ठिकाणी पाणी अडकत असेल तर डीग्लेझर (लेदरवरचं फिनिश आणि तेल काढायचा द्रव) किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वच्छ फडक्यावर घेऊन पुसा. फक्त डाग आहे तेवढंच नाही, पूर्ण तुकडा पुसा. डागापुरतं पुसलं तर ती जागा जास्त उघडी होते आणि तिथे डाय जास्त जातो, म्हणजे आधी फिकट डाग आला असता तिथे आता गडद येणार.

वाळलेला गोंद दिसला तर क्रेप रबरने (खोडरबरासारखा कच्च्या रबराचा तुकडा) घासून काढा. सँडपेपर वरच्या गुळगुळीत बाजूला लावू नका, खरवडलेली जागा कायमची गडद होते.

ओल्या व्हेज टॅन लेदरवर लोखंड ठेवू नका. कात्री, स्टीलची पट्टी, खिळा, काहीही. लेदरमधलं टॅनिन आणि लोखंड यांची रिअ‍ॅक्शन होऊन निळसर काळे डाग पडतात आणि फिकट रंगाखाली ते झाकले जात नाहीत. पडलेच तर ऑक्सॅलिक अ‍ॅसिडच्या अगदी सौम्य पाण्याने फिके होतात, पण ते विषारी असतं, ग्लोव्हज घालून आणि मुलांपासून लांब, आणि नंतर साध्या पाण्याने पूर्ण तुकडा पुसून घ्या.

शोषण्याचा वेग कमी करायचा

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. लेदरने डाय हळू प्यावा यासाठी दोन सोपे उपाय आहेत.

पहिला म्हणजे ओलावा. स्वच्छ स्पंज पाण्यात बुडवून पिळा आणि पूर्ण तुकड्यावर हलका ओला हात फिरवा, वरची बाजूही आणि मागची खरखरीत बाजूही. फक्त वरची बाजू ओली केली तर लेदर गोल वळायला लागतं. मग थांबा, पृष्ठभागावरची चमक जाऊ द्या, हाताला गार लागतंय पण पाणी दिसत नाही अशी अवस्था आली की डाय घ्या. तंतूंमध्ये आधीच पाणी असल्यामुळे डाय एका ठिकाणी घुसून बसत नाही, आजूबाजूला पसरतो, आणि पट्ट्यांच्या कडा मऊ होतात. पाण्याच्या डायला तर हे करायलाच हवं, स्पिरिटच्या डायलाही चालतं, रंग जरासा फिका येतो एवढंच, तो पुढच्या कोटने भरून निघतो. चिंब मात्र करू नका, फार ओलं असेल तर डाय आत जायला जागाच राहत नाही आणि वाळल्यावर ढग दिसतात.

दुसरा उपाय तेलाचा, हा फक्त स्पिरिटच्या डायसाठी. नीट्सफूट ऑइलचा (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं, लेदर मऊ ठेवणारं तेल) अगदी पातळ हात द्यायचा, फडक्याला जेमतेम तेल लागलेलं असावं, आणि तो तुकडा एक दिवस तसाच सोडायचा, म्हणजे तेल सगळीकडे सारखं पसरतं. लेदर कोरडं, जुनं, कडक झालेलं असेल तर माझी पसंती तेलालाच, कारण स्पिरिट लेदरमधली तेलं ओढून घेतं आणि कोरडं लेदर डाय केल्यावर आणखीच पुठ्ठ्यासारखं होतं. तेल जास्त झालं तर डाय बसणार नाही, तेव्हा हात आवरता घ्या. पाणी आणि तेल दोन्ही एकदम करू नका, एक निवडा.

डाय पातळ करा

बाटलीतून सरळ लेदरवर डाय लावणं हे पट्ट्यांचं सगळ्यात मोठं कारण. स्पिरिटचा डाय असेल तर त्याच कंपनीचा डाय रिड्यूसर, म्हणजे डाय पातळ करायचा द्रव, किंवा डीनेचर्ड स्पिरिट किंवा ९१ टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल घाला. पाण्याचा असेल तर पाणी. गडद ब्राउनला मी १ भाग डाय आणि १ भाग रिड्यूसर इथून सुरुवात करायला सांगेन, मध्यम ब्राउनला १ ला २, टॅनसारख्या फिकट रंगाला १ ला ३ किंवा ४. पातळ केल्याने दोन फायदे होतात, एक म्हणजे कुठे दुप्पट हात पडला तरी फरक थोडाच दिसतो, आणि दुसरं, रंग हळूहळू चढत जातो त्यामुळे हवा तिथे थांबता येतं. डाय फिकट करणं जवळजवळ अशक्य, गडद करणं सोपं, म्हणून खालून वर जायचं.

मिश्रण करायच्या आधी बाटली चांगली हलवा, तळाला रंग बसलेला असतो. सगळ्या तुकड्यांना, सगळ्या कोटांना पुरेल एवढं एकदम करा आणि झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा, कारण मध्येच संपलं तर दुसऱ्यांदा तंतोतंत तीच शेड करणं अवघड जातं. बरणी उघडी ठेवलीत तर स्पिरिट उडून जातं आणि शेवटच्या तुकड्यापर्यंत डाय घट्ट होतो, शेवटचे तुकडे गडद का आले याचं कारण पुष्कळदा इथे असतं.

आता त्याच हाइडचा एक उरलेला तुकडा घ्या. त्याच हाइडचा, हे महत्त्वाचं. त्यावर पाच चौकोन आखा, पहिल्याला १ कोट, दुसऱ्याला २, असं पाचव्याला ५ कोट. पूर्ण वाळू द्या आणि प्रत्येक चौकोनाच्या अर्ध्या भागावर तुम्ही जे फिनिश वापरणार तेही लावा. ओला रंग गडद दिसतो, वाळला की उतरतो, फिनिश लावलं की परत गडद होतो, त्यामुळे ओल्या रंगावरून निर्णय घेतला तर हमखास फसतो. ही पट्टी जपून ठेवा, मागे पेनने प्रमाण लिहा.

प्रत्यक्ष कोट

मोठ्या सपाट तुकड्याला डॉबर वापरू नका, म्हणजे तारेच्या टोकाला लोकरीचा छोटा गोळा असतो तो. तो कडांना आणि कोपऱ्यांना छान आहे, पण मोठ्या तुकड्यावर त्याचं टोक इतकं लहान पडतं की शंभर हात फिरवावे लागतात आणि प्रत्येक हाताची कड दिसते, वर त्यातून थेंब पडतात ते वेगळंच. त्यापेक्षा स्पंजचा तुकडा जुन्या सुती बनियनच्या कापडात गुंडाळा, मागे गाठ मारा, तळहातात मावेल एवढा बोळा होतो. किंवा लोकरीसकटच्या मेंढीच्या कातड्याचा तुकडा मिळाला तर फारच उत्तम. तुकड्याच्या मानाने बोळा जेवढा मोठा तेवढे पट्टे कमी.

बोळा डायमध्ये बुडवा, बरणीच्या काठाला दाबून जास्तीचा डाय काढा, आणि पहिला स्पर्श नेहमी रद्दीच्या तुकड्यावर करा. तिथे एक-दोनदा टेकवून मग खऱ्या तुकड्यावर या. सुरुवातीचा गोल डाग टाळायला एवढी एक सवय पुरते. सुरुवात मध्यातून कधीच करू नका, एखाद्या कोपऱ्यातून करा, शक्यतो जो शिवणीत किंवा घडीत लपणार आहे. हात टेकवतानाच तो चालू असला पाहिजे, आधी टेकवून मग हलवलं की ठिपका पडलाच. छोटे छोटे गोल फिरवत, एकमेकांवर अर्धे चढवत पुढे जायचं, दाब हलका. ओली कड वाळू द्यायची नाही, म्हणजे जिथपर्यंत रंग आलाय ती कड ओली असतानाच पुढचा हात तिच्यात मिसळला पाहिजे. फोन वाजला तर वाजू दे, पूर्ण तुकडा एका दमात संपवायचा, मध्ये थांबलात की तिथे रेघ.

बोळा कोरडा पडतोय असं वाटलं की दाब वाढवू नका, परत डाय घ्या, परत रद्दीवर टेकवा, आणि थोडं मागून, आधीच रंगलेल्या ओल्या भागातून सुरू करून पुढे या.

पहिला कोट झाल्यावर तो वाईट दिसणार आहे. हे आधीच सांगून ठेवतो कारण इथेच बरेचजण घाबरतात आणि फिकट दिसणाऱ्या जागा शोधून शोधून तिथे जास्त डाय भरतात, आणि त्याच जागा नंतर गडद डाग होऊन बसतात. पहिला कोट म्हणजे फक्त लेदरची तहान भागवणं. तसाच सोडा. स्पिरिटचा असेल तर १५-२० मिनिटं, पाण्याचा असेल तर त्याहून बराच जास्त वेळ, हाताला ओला लागत नाही तोवर.

दुसरा कोट लांब सरळ हातांनी आडवा द्या, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आणि हात कडेच्या बाहेर जाऊ दे, तुकड्यावरच थांबून उलटा फिरवलात की कडेला गडद पट्टा येतो. तिसरा उभा. पाहिजे तर चौथा परत गोल. दिशा बदलण्याचं कारण साधं आहे, प्रत्येक कोटचे बारीक पट्टे वेगवेगळ्या दिशेला असले की ते एकमेकांना पुसून टाकतात, सगळे एकाच दिशेला असले की एकावर एक साचतात. पातळ डायचे ३ ते ५ कोट हे घट्ट डायच्या एका कोटपेक्षा कितीतरी सुंदर दिसतात, रंगाला खोली येते, आणि ही खोली हाताने केलेल्या कामातच मिळते असं मला मनापासून वाटतं.

पट्टा किंवा बेल्ट असेल तर गोल हात नको. फडकं घडी करून पट्ट्याच्या पूर्ण रुंदीवर बसेल असं धरा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता ओढत न्या. मध्ये परत मागे यायचं नाही. लांब बेल्टला डिप करणंही सोपं पडतं, पसरट ट्रेमध्ये पातळ केलेला डाय घ्यायचा आणि पट्टा एका बाजूने बुडवत दुसऱ्या बाजूने काढत सारख्या वेगाने पुढे न्यायचा, बाहेर आला की लगेच जास्तीचा डाय पुसायचा. डिपिंगला डाय भरपूर लागतो आणि लेदर कडक होतं, वाळल्यावर तेल द्यावंच लागतं, पण एकसारखेपणात त्याला तोड नाही.

कडा, कोरीवकाम, मागची बाजू

कापलेली कड ही तंतूंची उघडी टोकं असतात, ती डाय ढसाढसा पितात आणि कडेवरचा जास्तीचा डाय वरच्या बाजूला चढून गडद किनार तयार होते. म्हणून पृष्ठभाग रंगवताना बोळा कडेजवळ कोरडसर ठेवा, आणि कडा शेवटी, कानातल्या कापसाच्या काडीने किंवा डॉबरने, अगदी थोडा डाय घेऊन करा.

कोरीवकाम असेल तर चाकूच्या रेघांमध्ये डाय साचतो. तिथे ओतू नका, लहान ब्रशने हलकेच, आणि साचलेलं लगेच कोरड्या ब्रशने उचलून घ्या. मागच्या बाजूचं फार मनावर घ्यायचं कारण नाही, ती खरखरीत बाजू कधीच तितकी एकसारखी येत नाही, एक-दोन कोट देऊन वर ट्रॅगाकँथ गम (एका झुडपाचा डिंक) चोळून गुळगुळीत केली की झालं. फक्त एक सांभाळा, पातळ लेदरला मागून भरपूर डाय लावला तर तो पुढे झिरपून डाग पडतात.

वाळवणं आणि बफ करणं

ड्रायर नको, हीटर नको, ऊन तर नकोच. उष्णतेने एक भाग आधी वाळतो आणि रंग ओल्या भागाकडून कोरड्या भागाकडे सरकतो, शिवाय व्हेज टॅन लेदर उन्हात स्वतःच गडद होतं. सावलीत, हवा खेळती असेल अशा जागी, जाळीवर सपाट ठेवा. कागदावर ठेवलं तर खालची बाजू उशिरा वाळते, आणि छापलेला कागद असेल तर शाईही उठू शकते. २४ तास द्या.

मग स्वच्छ सुती फडक्याने जोरात घासा. फडक्यावर रंग येईल, येऊ दे, तो वर राहिलेला सुटा रंग आहे जो आत जाऊ शकलेला नाही. फडकं बदलत बदलत घासत राहा, फडकं जवळजवळ स्वच्छ यायला लागेपर्यंत. गडद रंगांवर कधी कधी तिरक्या उजेडात हिरवट किंवा तांबूस धातूसारखी चमक दिसते, तोही वर साचलेला जास्तीचा रंगच, घासून जात नसेल तर फडक्याला किंचित स्पिरिट लावून हलका हात फिरवला की निघतो.

काळ्या रंगाबद्दल वेगळं

काळा सगळ्यात सोपा वाटतो आणि सगळ्यात जास्त त्रास देतो. लोक बाटलीतला काळा भरपूर ओततात, तरी तो राखाडी-ब्राउन दिसतो आणि वर महिनाभर कपड्यांना लागत राहतो. त्यापेक्षा आधी गडद निळ्याचा किंवा गडद ब्राउनचा पातळ कोट द्या, वाळू द्या, आणि मग पातळ केलेल्या काळ्याचे दोन-तीन कोट. खाली गडद रंग असल्यामुळे काळा कमी लागतो, म्हणजे सुटा रंगही कमी.

आणखी एक जुनी पद्धत आहे जी मला फार आवडते, लोखंड आणि व्हिनेगरची. वर ओल्या लेदरवर लोखंड ठेवू नका म्हटलं ना, तीच रिअ‍ॅक्शन इथे मुद्दाम करायची. स्टील वूल, म्हणजे बारीक लोखंडी तारांचा लोकरीसारखा गोळा, अ‍ॅसिटोनने धुऊन त्यावरचं तेल काढा, वाळवा, साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये टाका आणि काही दिवस ते विरघळू द्या. झाकण घट्ट लावू नका, आत हायड्रोजन वायू तयार होतो आणि त्याला बाहेर पडायला जागा हवी, आणि बरणी विस्तवापासून लांब. मग ते द्रव गाळून व्हेज टॅन लेदरला लावायचं. लेदर बघता बघता काळं होतं, कारण बाहेरून रंग चढवलेला नसतो, लेदरमधल्या टॅनिनचंच लोखंडाबरोबर काळं संयुग बनतं, त्यामुळे पट्टे जवळजवळ येतच नाहीत आणि काळा हातालाही लागत नाही. नंतर पाण्यात थोडा बेकिंग सोडा घालून त्याने झटकन धुवा म्हणजे उरलेलं अ‍ॅसिड निघतं, फार वेळ त्यात ठेवू नका कारण सोडाही लेदरला चांगला नाही, मग साध्या पाण्याने धुवा, आणि जरा ओलसर असतानाच नीट्सफूट ऑइल द्या. वास काही दिवसांत जातो. क्रोम टॅनवर हे चालत नाही, त्यात टॅनिनच नसतं.

डाग पडलाच तर

पट्टे ताजे असतील तर नुसतं रिड्यूसर किंवा स्पिरिट बोळ्यावर घ्या, डाय नाही, आणि पूर्ण तुकड्यावर गोल हात फिरवा. वरचा रंग परत ओला होऊन थोडा सरकतो आणि कडा मिसळतात. वाळल्यावर एक पातळ कोट. एवढ्याने भागलं नाही तर एक शेड गडद जा, टॅन बिघडला तर ब्राउन, ब्राउन बिघडला तर गडद ब्राउन. फिकट ठिपका राहिला असेल आणि तिथे डाय अजिबात घेत नसेल तर खाली गोंद किंवा तेल आहे, आधी ते काढा, मग बारीक ब्रशने फक्त त्या जागी पातळ डाय टिपा आणि शेवटी पूर्ण तुकड्याला एक कोट.

दुसरा मार्ग, कडांना मुद्दाम गडद करून मध्ये फिकट ठेवायचं, सनबर्स्टसारखं. मधला भाग चांगला आलाय आणि कडाच बिघडल्यात तेव्हा हे छान दिसतं.

फिनिश

इतकं करून शेवटी फिनिश मारताना रंग ओढला जातो हे बघणं फार जिवावर येतं, म्हणून इथे घाई नको. बफ झालेलं, २४ तास वाळलेलं लेदरच घ्या. रेझोलीनसारखं अ‍ॅक्रिलिक फिनिश असेल तर त्यात निम्मं पाणी घाला, नाहीतर ते रेघा सोडतं आणि प्लास्टिकसारखं चमकतं. पहिला कोट अगदी हलक्या हाताने, एका दिशेने, परत परत न घासता, कारण ओलं फिनिश आणि घासणं दोन्ही मिळून रंग उठवतात. पाण्याचा डाय असेल तर पाण्याचं फिनिश पहिल्यांदा स्पंजने नुसतं टिपत लावा किंवा फवारा मारा. पहिला कोट वाळून पकडला की दुसरा नेहमीसारखा लावता येतो. मेणाचा बाम लावणार असाल तर तो बोटाच्या उबेने मऊ करून थोडा थोडा चोळा. दिसायला सगळ्यात सुंदर तोच, पण पावसापाण्यात वापरायच्या वस्तूला किंवा कपड्यांना घासणाऱ्या बेल्टला मी अ‍ॅक्रिलिकच सुचवेन.

फिनिश पूर्ण वाळल्यावर ओलसर पांढरं फडकं घेऊन एका जागी वीस-पंचवीस वेळा घासून बघा. रंग आला तर अजून एक कोट. नाही आला तर शिवायला घ्या, आणि उरलेल्या डायच्या बरणीवर शेड आणि प्रमाण लिहून झाकण घट्ट लावून ठेवा, कारण शिवताना कुठेतरी कड खरचटतेच आणि तेव्हा तोच डाय लागतो.